पुस्तकातला नियम कधी पाळायचा आणि कधी बदलायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रुप डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती खेळतोय, २०१४ च्या पुस्तकांवर. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) नवीन आहे. एका खेळाडूला पुस्तक जवळपास पाठ आहे आणि त्याला सगळं पुस्तकाप्रमाणेच हवंय. बाकीच्यांना नियमांमुळे खेळ अडतो असं वाटतं आणि त्यांनी पाच हाउस रूल (टेबलाने स्वतः ठरवलेले नियम) सुचवलेत: नॅचरल १ (वीस बाजूंच्या फाशावर थेट १) पडला की फंबल, म्हणजे फजिती; फ्लँकिंगला, म्हणजे शत्रूला दोन्ही बाजूंनी घेरण्याला, ॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा); पोशन, म्हणजे जखमा भरणारं औषध, बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या छोट्या जादा कृतीत) पिता यावं; शून्य हिट पॉइंटवर (कॅरॅक्टरची उरलेली ताकद मोजणारे गुण) पडलं की एक्झॉशन, म्हणजे थकवा; आणि विझर्डच्या, म्हणजे जादूगाराच्या, स्पेल्सना (मंत्रांना) कात्री. डीएमने कुणाचं ऐकायचं?

माझं उत्तर: पहिली काही सेशन्स पुस्तकाप्रमाणे खेळा, मग बदला, आणि बदलायला घाबरू नका. पुस्तकाने खेळा म्हणतो ते पुस्तकाचा मान राखायला नव्हे. नियम हा खेळाडूला दिलेला शब्द असतो. या दारातून पळालास तर शत्रूला एक वार मिळेल, या अंतरावरून बाण मारलास तर डिसॲडव्हांटेज (दोनपैकी लहान आकडा) लागेल, हे त्याला आधी माहीत असतं आणि त्यावर हिशेब करून तो आपल्या कॅरॅक्टरचा जीव पणाला लावतो. ऐनवेळी तो शब्द फिरवला की त्याने केलेल्या विचाराला किंमतच राहत नाही. त्यामुळे नियम पुस्तकातला आहे की घरचा यापेक्षा तो खेळाडूला निर्णय घेण्याआधी कळला होता का, हे मी आधी बघतो.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. नियम काय काम करतो हे तो चालू असतानाच दिसतं. न खेळताच बदलला तर आपण नेमकं काय काढून टाकलं हे कळायला मार्ग उरत नाही.

हा वाद या छंदाइतकाच जुना आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ तीन छोट्या पुस्तिकांत आला, तेव्हा त्यात इतक्या जागा मोकळ्या होत्या की प्रत्येक टेबलाला स्वतःचं काहीतरी भरावंच लागे. लढाईसाठी 'चेनमेल' हा वेगळा वॉरगेम हाताशी असेल असं धरून चाललं होतं, आणि वीस बाजूंच्या फाशाची पद्धत केवळ पर्याय म्हणून दिलेली होती. आज तो फासा म्हणजेच हा खेळ असं आपण समजतो. पुढे १९७७ ते १९७९ दरम्यान ॲडव्हान्स्ड आवृत्तीची पुस्तकं आली, तेव्हा त्याच गायगॅक्स यांनी नियम सगळीकडे सारखे असावेत असा आग्रह धरला. त्यालाही कारण होतं. स्पर्धांमध्ये एकमेकांना न ओळखणारे लोक एका टेबलावर बसत, आणि त्यांच्यात समान असं पुस्तकच होतं. ॲडव्हेंचरर्स लीगसारख्या संघटित खेळात आजही डीएमला आपल्या मनाने नियम बदलता येत नाहीत, कारण तिथलं कॅरॅक्टर उद्या दुसऱ्याच डीएमसमोर बसणार असतं. तुमचा ग्रुप ठरलेला आहे, तुम्ही एकमेकांशी बोलू शकता. ती मुभा तुम्हाला आहे.

आता पाच प्रस्तावांकडे येऊ. विझर्डपासून सुरुवात करतो, कारण तिथे लोक सर्वात जास्त चुकीच्या ठिकाणी हात घालतात.

'विझर्ड फार भारी आहे, फायटरला काही करायलाच मिळत नाही' ही तक्रार मी कितीतरी टेबलांवर ऐकलीय (फायटर म्हणजे तलवारीचा योद्धा). त्यावर लगेच फायरबॉल या आगीच्या स्पेलचं डॅमेज कमी करा, अमुक स्पेल बंद करा, असं सुरू होतं. त्याआधी एक गोष्ट मोजा: तुमच्या खेळात एका लाँग रेस्टपासून (रात्रभराची विश्रांती) दुसऱ्या लाँग रेस्टपर्यंत किती लढाया होतात? २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण एन्काउंटर (चकमकी) आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती) असा अंदाज दिलाय. बहुतेक टेबलांवर दिवसाला एकच मोठी लढाई होते. पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे नऊ स्पेल स्लॉट असतात, एका स्लॉटमध्ये एक स्पेल टाकता येतो: पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोन. लढाई चार राउंडची आणि तीही दिवसातली एकमेव असेल, तर तो प्रत्येक राउंडला आपलं उत्तमोत्तम अस्त्र काढणार. काटकसर करायचं त्याला कारणच नाही. त्याच लेव्हलच्या वॉरलॉककडे (दुसऱ्या प्रकारचा जादूगार) फक्त दोन स्लॉट असतात, ते शॉर्ट रेस्टनंतर परत मिळतात, आणि शॉर्ट रेस्ट तर तुमच्याकडे होतच नाही. फायटरची तलवार आठव्या लढाईतही तितकीच धारदार असते, पण आठवी लढाई कधी येतच नाही.

म्हणजे इथे स्पेल्सना हात लावून काही साधणार नाही. विश्रांतीचा वेग बदला. त्यासाठी त्याच पुस्तकात एक पर्याय छापलेला आहे: शॉर्ट रेस्ट आठ तासांचा, लाँग रेस्ट सात दिवसांचा. प्रवासाच्या, कटकारस्थानांच्या कॅम्पेनमध्ये (सलग चालणाऱ्या लांब कथेत) तो फार सुंदर चालतो, कारण आठवड्याभरात दोन-तीन लढाया झाल्या तरी त्या एकाच 'दिवसात' मोजल्या जातात. डंजनमध्ये (भुयारांच्या जागेत) मात्र तो गळफास ठरतो. तुमची गोष्ट कुठल्या प्रकारची आहे ते बघून ठरवा. कधीकधी नियम बदलण्याचीही गरज नसते. गावात परतायला दोन दिवस लागतात आणि मागे सोडलेले शत्रू तेवढ्या वेळात सावध होतात, एवढं ठामपणे चालवलं तरी विझर्ड स्लॉट जपून वापरू लागतो.

फंबलचा नियम मला सर्वात कमी आवडतो. कारण सांगतो. पुस्तकात नॅचरल १ म्हणजे वार हुकला, बस. फंबलच्या नियमात वर तलवार हातातून निसटते किंवा शेजारच्या मित्राला लागते. ऐकायला गमतीचं आहे. पण प्रत्येक रोलला १ पडण्याची शक्यता ५ टक्के. पहिल्या लेव्हलचा फायटर राउंडला एक वार करतो, म्हणजे ५ टक्के. अकराव्या लेव्हलला तो तीन वार करतो, शक्यता १४ टक्क्यांवर जाते. विसाव्या लेव्हलला चार वार, १८ टक्क्यांच्या वर. पाच राउंडच्या एका लढाईत अकराव्या लेव्हलचा फायटर पंधरा वेळा फासा टाकतो आणि निदान एकदा तरी फंबल होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. जितका निष्णात योद्धा, तितक्या वेळा तलवार हातातून पडणार! तेवढ्या वेळात विझर्ड फायरबॉल टाकतो, त्यात त्याला स्वतःला फासा टाकावाच लागत नाही, सेव्ह (परिणाम टाळण्यासाठीचा रोल) शत्रूने करायचा असतो. म्हणजे ज्या फायटरवर अन्याय होतो म्हणून तुम्ही स्पेल्सना कात्री लावायला निघालात, त्याच्याच मुळावर हा दुसरा नियम येतो. गंमत हवीच असेल तर हुकलेल्या वाराचं वर्णन रंगवा. तलवार खांबात रुतू दे, ठिणग्या उडू देत. दंड नको.

कुठलाही हाउस रूल समोर आला की मी हेच बघतो: याची किंमत कोण मोजणार? टेबलावरच्या प्रत्येक कॅरॅक्टरवर तो नियम लावून बघायचा, एकेक करून. शत्रूंवरही लावून बघायचा, कारण तेही तोच नियम वापरणार.

फ्लँकिंगला हे लावा. शत्रूच्या दोन्ही बाजूंना दोघं उभे राहिले की दोघांना ॲडव्हांटेज. २०१४ च्या पुस्तकात हा ऐच्छिक नियम म्हणून छापलेलाच आहे, त्यामुळे पुस्तकवाल्या खेळाडूचीही हरकत नसावी. पण ॲडव्हांटेज ही फार मोठी गोष्ट आहे. जिथे ११ किंवा जास्त हवे असतात तिथे ५० टक्क्यांची शक्यता ७५ होते आणि नॅचरल २० ची ५ वरून जवळपास १० टक्के. शिवाय या खेळात दोन ॲडव्हांटेज एकत्र येत नाहीत, एक मिळाला की दुसरा वाया. बार्बेरियन (रानटी योद्धा) रेकलेस अटॅक, म्हणजे बेदरकार वार, करतो तेव्हा स्वतःवरच्या वारांनाही ॲडव्हांटेज देऊन तो हा फायदा विकत घेतो. फ्लँकिंगमध्ये तोच फायदा दोन पावलं चालून मिळणार असेल तर त्याने अंगावर वार कशाला ओढवून घ्यावेत? लांडगे आणि कोबोल्ड (सरड्यासारखे छोटे राक्षस) यांची पॅक टॅक्टिक्स, म्हणजे सोबत्यामुळे ॲडव्हांटेज, हीच खासियत असते; ती आता सगळ्यांचीच झाली. हालचालीला महत्त्व यावं एवढाच हेतू असेल तर ॲडव्हांटेजच्या जागी वाराला +१ किंवा +२ द्या. बाकीच्या गोष्टींची किंमत शाबूत राहते.

पोशनचा नियम खुशाल घ्या. २०१४ च्या नियमांत पोशन प्यायला पूर्ण ॲक्शन जाते. राउंडमधली आपली एकमेव संधी थोडेसे हिट पॉइंट परत मिळवण्यात घालवायची, मग कोणीच पोशन पीत नाही आणि बाटल्या कॅम्पेन संपेपर्यंत पिशवीत पडून राहतात. असंख्य टेबलांनी आपापला तो बोनस ॲक्शन करून टाकला होता, आणि २०२४ च्या सुधारित नियमांत तसंच छापून आलं. घरचा नियम पुस्तकात जाऊन बसला. प्रत्येकाच्या पिशवीत पोशन असतं, त्यामुळे त्याचा भार किंवा फायदा एकट्यादुकट्यावर पडत नाही.

एक्झॉशनचा प्रस्ताव समजण्यासारखा आहे. कोणी शून्यावर पडतो, क्लेरिक (बरं करणारा पुजारी) साठ फुटांवरून हीलिंग वर्ड हा स्पेल म्हणतो, पडलेला उठतो, पुन्हा पडतो, पुन्हा उठतो. मरणाची भीती उरत नाही. म्हणून पडलं की एक्झॉशनची एक पातळी. पण ही पातळी कुठल्या आवृत्तीतली? २०१४ मध्ये पहिल्या पातळीला फक्त ॲबिलिटी चेकला डिसॲडव्हांटेज आहे. लढाईत ते मुख्यतः पुढच्या इनिशिएटिव्हला (कोण आधी खेळणार ते ठरवणारा रोल) जाणवतं, वारांवर परिणाम नाही. तिसऱ्या पातळीला मात्र वार आणि सेव्ह दोन्ही एकदम कोसळतात. २०२४ मध्ये प्रत्येक पातळीला प्रत्येक डी२० टेस्टमधून (वीस बाजूंच्या फाशाच्या वार, चेक, सेव्ह यांतून) २ वजा आणि वेग पाच फुटांनी कमी, म्हणजे पहिल्यांदा पडल्यापासूनच टोचणी सुरू. वाक्य तेच, वजन वेगळं. शिवाय पडतो कोण? पुढे उभा राहून मार खाणारा. पुन्हा फायटर आणि बार्बेरियनच. मी हा नियम वापरतो, पण लढाईत दुसऱ्यांदा पडल्यावरच, आणि तोही ग्रुपने आपणहून मागितला असेल तर.

एवढं वाचून पुस्तकवाला खेळाडू खूश होईल, म्हणून आता त्याच्याशी माझं जे पटत नाही ते सांगतो. पुस्तकात नाही म्हणून होणार नाही, हे मी मानत नाही.

उदाहरण घ्या. जिन्यावरून तीन ऑर्क खाली येतायत. रोग (इंग्रजी Rogue, चोरटं कॅरॅक्टर) खेळणारी म्हणते, 'माझ्याकडे तेलाची कुपी आहे. पायऱ्यांवर ओतते. घसरतील ना?' पुस्तकात तेल अंगावर फेकून किंवा जमिनीवर ओतून पेटवायचा नियम आहे, घसरण्याबद्दल अवाक्षर नाही. इथे खेळ थांबवून पंधरा मिनिटं पानं उलटणं वाईट, आणि 'नाही' म्हणणं त्याहून वाईट. तिने जग खरं मानून विचार केलाय, याचसाठी तर आपण बोर्डगेम सोडून हा खेळ खेळतो. अशा वेळी पुस्तकातला सर्वात जवळचा नियम शोधायचा. जमिनीवर बॉल बेअरिंग पसरले तर डीसी १० चा (निदान १० गाठायचे) डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळाईचा, सेव्ह, नाही जमला तर पडायचं, आणि अर्ध्या वेगाने जपून जाणाऱ्याला सेव्ह लागत नाही. डीएम म्हणतो, 'बॉल बेअरिंगसारखं धरू. डीसी १०, एका कुपीत पाच फुटांचा एक चौकोन. जपून आले तर घसरणार नाहीत, पण वेग अर्धा होईल. ओततेस?' तो शेवटचा शब्द महत्त्वाचा. काय मिळेल ते तिला ओतण्याआधी कळलं, आता निर्णय तिचा.

हे झालं रूलिंग, त्या क्षणापुरतं. सेशन संपल्यावर त्याचा हाउस रूल करायचा का ते वेगळं बघायचं. कारण तेलाची कुपी एका चांदीच्या नाण्याला मिळते, आणि विझर्डने ग्रीस हा जमीन निसरडी करणारा स्पेल शिकण्यासाठी आपली एक जागा खर्च केलेली असते. पुढच्या सेशनला सगळे दहा-दहा कुप्या घेऊन आले तर ग्रीस शिकलेला वेडा ठरेल. म्हणून मी असं ठरवेन: ओतायला पूर्ण ॲक्शन, चौकोन पाचच फुटांचा, आणि पहिला पाय पडला की तेल फासलं जाऊन परिणाम संपला. ग्रीस दहा फुटांवर पसरतो आणि मिनिटभर टिकतो, त्याचा मान राहिला. रूलिंग झटपट द्यावं, हाउस रूल सावकाश करावा.

पुस्तक पाठ असलेल्या खेळाडूला अडथळा समजू नका. त्याला खेळताना विचारा, 'यावर काय नियम आहे?' त्याने मिनिटभरात सांगितलं तर उत्तम, नाहीतर तुम्ही रूलिंग द्या आणि पुढे चला, वाद सेशननंतर. आणि एकदा शांतपणे बोलून घ्या, त्याला पुस्तकच का हवंय? माझ्या अनुभवात अशा आग्रहामागे बऱ्याचदा आधीच्या टेबलावरचा चटका असतो, ऐन लढाईत कुणीतरी नियम फिरवलेला असतो. शिवाय त्याने कॅरॅक्टर पुस्तकावर विश्वासून उभं केलंय. त्याने संधीच्या वारावर (पळणाऱ्यावर मिळणाऱ्या वारावर) चालणारं सेंटिनल हे फीट (खास कौशल्य) घेतलं असेल आणि तुम्ही त्या वाराचे नियम सैल केलेत, तर त्याची कमाई तुम्ही काढून घेतलीत. अशा बदलासोबत फीट बदलून घ्यायची मोकळीक द्यायलाच हवी.

आणि पडद्यामागे फासा फिरवू नका. डीएमने पडलेला २० गुपचूप १४ सांगितला तर तोही हाउस रूलच आहे, फक्त कधीच जाहीर न केलेला. दया दाखवायची असेल तर उघडपणे दाखवा: शत्रू शरण यायला सांगेल, कैद करेल, लुटून निघून जाईल. नवीन ग्रुपला मरण नकोच असेल तर तसं आधीच सर्वांसमोर ठरवा.

पुढे दुसरे खेळ हातात घ्याल तेव्हा हाच हात जरा जपून चालवा. १९८१ च्या बेसिक आवृत्तीत सोन्याच्या एका नाण्याला एक एक्सपी (लेव्हल वाढवणारा अनुभवाचा गुण) मिळायचा आणि एका ऑर्कला मारून फक्त दहा. फायटरला दुसरी लेव्हल गाठायला २००० एक्सपी लागत, म्हणजे ऑर्क मारून गाठायची तर दोनशे ऑर्क. खेळ स्पष्ट सांगत होता की लढू नका, खजिना पळवा. हिशेब किचकट म्हणून सोन्याचे एक्सपी काढले, समोरचा शत्रू मित्र निघेल की वैरी हे ठरवणारा दोन फाशांचा रिॲक्शन रोल गाळला, की प्रत्येक भेट लढाईत संपते, कॅरॅक्टर माश्यांसारखी मरतात, आणि लोक म्हणतात जुना खेळ क्रूर आहे. क्रूरपणा गाळलेल्या पानांमुळे आला.

२०१० च्या ॲपोकॅलिप्स वर्ल्ड या दुसऱ्या भूमिका-खेळामध्ये तर खेळवणारा फासाच टाकत नाही. खेळाडू दोन फासे टाकतो. १० किंवा वर पूर्ण यश, ७ ते ९ ला यश पण काहीतरी किंमत मोजून, ६ किंवा खाली आलं की खेळवणाऱ्याची पाळी. बोनस नसेल तर ७ ते ९ येण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के. गोष्ट तिथूनच पुढे सरकते. तो मधला पट्टा 'जाऊ दे, जमलं धर' म्हणून सोडून दिला तर खेळच उरत नाही. पाथफाइंडर या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत गाठायच्या आकड्यापेक्षा दहा जास्त आले की क्रिटिकल, म्हणजे दणदणीत यश, त्यामुळे साधा +१ सुद्धा यश आणि क्रिटिकल अशा दोन ठिकाणी काम करतो. तिथे वर सुचवलेला +२ चा फ्लँकिंग उचलून नेऊ नका.

तुमच्यासाठी क्रम असा लावेन. पुस्तकाप्रमाणे काही सेशन्स झाली की पोशनचा नियम लगेच. फ्लँकिंग +१ ने, तीन सेशनपुरतं, मग सर्वांना विचारून ठेवा किंवा काढा. विझर्डबद्दल आधी लढाया मोजा. एक्झॉशन कुणी पुन्हा मागितलं तरच. फंबल नको. जो नियम ठरवाल तो एका सामायिक पानावर लिहा आणि शेजारी कशासाठी केला तेही एका ओळीत लिहा. सहा महिन्यांनी ते पान काढा आणि ज्या नियमाचं कारण कोणालाच आठवत नाही तो खोडून टाका.